साडेपाचच्या अलीकडे

१

झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यातून तांब्याच्या तारेची सहा रिळं गेली आणि त्यांच्याबरोबर शिवाजीराव साबळ्यांची स्मरणशक्तीही गेली, असं निदान मालकांचं तरी म्हणणं होतं. रिळं कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. स्मरणशक्ती गेल्याचा मात्र छापील पुरावा होता, आणि तो माझ्याच मुलीने लिहिलेल्या प्रोग्राममधून निघाला होता.

हे मला रविवारी सकाळी कळलं. शिवाजीरावांची मुलगी सरला सासरच्या गावाहून, मोठहून, पहिली बस पकडून आली आणि चपला न काढताच आमच्या दारात उभी राहिली.

मी मकरंद लघाटे. झाशीच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात चौतीस वर्षं काढली. कुठली गाडी कुठल्या मिनिटाला कुठल्या स्टेशनवर आहे हे सांगायचं आणि उशीर झाला की शिव्या खायच्या, एवढंच माझं काम. त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी जरा खडूस आहे. शिवाजीराव मूळचे साताऱ्याचे, फौजेत हवालदार, शेवटचं पोस्टिंग जवळच्याच बबीन्याच्या छावणीत. निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. गणपतीच्या मंडळात ओळख झाली आणि मीच शब्द टाकून त्यांना पुरवारजींच्या कारखान्यात रात्रपाळीचा गार्ड म्हणून लावून दिलं. पुढे त्याच पुरवारजींना स्टोअरच्या दाराला कार्डाचं कुलूप बसवायचं होतं, तेव्हा त्याचा प्रोग्राम लिहायचं काम मी माझ्या मुलीला, स्वरदाला मिळवून दिलं. म्हणजे दोन्हीकडून मीच अडकलेला.

"काका, तुम्हीच सांगा, बाबा चोर आहेत का?" सरलाने विचारलं.

"नाहीत."

"मग वेडे आहेत का?"

मी तिला आधी बसवलं. पाणी पिऊन ती बोलायला लागली. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता स्टोअरमध्ये सव्वीस रिळं मोजली होती. बुधवारी सकाळी आठला दार उघडलं तर वीसच. मालकांना आधी वाटलं, चुकून दुसऱ्या मालात गेली असतील. दोन दिवस शोधाशोध झाली. शुक्रवारी त्यांनी कुलपाचा हिशेब कॉम्प्युटरवरून काढला. मंगळवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ या मधल्या वेळात दार एकदाच उघडलं होतं. बुधवारी पहाटे चार चाळीसला, गार्डच्या कार्डाने.

"शिवाजीराव काय म्हणतात?"

"ते म्हणाले, मी गेलो होतो, पण गुरुवारी पहाटे. चोरी झाल्याचं कळल्यावर बघायला गेलो. तर कॉम्प्युटरवर गुरुवारच्या पहाटेचं काहीच नाही." सरलाने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. "मालक म्हणतात, पुलिसात देणार नाही, म्हातारा माणूस आहे. फक्त यावर सही करा. उद्या संध्याकाळपर्यंत."

कागदावर हिंदीत टाइप केलं होतं: मेरी याददाश्त ठीक नहीं रहती, स्टोर मुझसे खुला रह गया होगा.

"सही केली की नोकरी जाईल," सरला म्हणाली, "ते जाऊ दे. पण हा कागद गार्ड पुरवणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीकडे गेला की कुठल्याच फाटकावर कुणी उभं करणार नाही त्यांना. आणि नवरा म्हणतो, असा माणूस एकटा ठेवायचा नाही, मोठला आण."

"करायची नाही सही," मी म्हणालो.

"काका, तेच तर सांगायला आले. काल रात्रीपासून बाबाच म्हणायला लागलेत, मी बुधवारीच गेलो असेन."

२

झाशीच्या सिपरी बाजारातली शिवाजीरावांची खोली म्हणजे फौजेची बराक. चादर ताणून घातलेली, बूट भिंतीला लावून ठेवलेले, डबे उंचीप्रमाणे. ज्याच्या खोलीत वस्तू अशा जागच्या जागी असतात त्याच्या डोक्यातले वार इकडचे तिकडे होतील, हे मला पटेना.

"या साहेब," शिवाजीराव म्हणाले. त्यांनी स्वतःच चहा ठेवला.

मी म्हटलं, "कागद विसरा. तुम्हाला जे आठवतंय ते पहिल्यापासून सांगा."

त्यांनी रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी सहाला ड्यूटी चढली. त्या रात्री, म्हणजे चार वाजून गेले होते, छोटे साहेब गाडी घेऊन आले. छोटे साहेब म्हणजे मालकांचा मुलगा तुषार. यांनी फाटक उघडलं, गाडी मागे स्टोअरच्या बाजूला गेली, अर्ध्या तासाने परत गेली. मालकाच्याच मुलाला काय विचारायचं, आणि रजिस्टरात तरी काय लिहायचं. सकाळी घरी येऊन झोपले तर दुपारी फोन आला, रिळं गेली.

"लाज वाटली हो साहेब. मी उभा असताना गेली म्हणजे काय. बुधवारी रात्री परत ड्यूटीवर गेलो, पण जीव लागेना. शेवटी चार चाळीसला, आगबिग लागली तर म्हणून गार्डकडे ठेवलेलं कार्ड घेऊन स्टोअर उघडलं. खिडकी पाहिली, पत्रा पाहिला. काही फोडलेलं नव्हतं. दार लावलं आणि रजिस्टरात लिहिलं."

"आणि छोटे साहेब आल्याचं मालकांना सांगितलंत?"

"शुक्रवारी सांगितलं. मालकांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. छोट्या साहेबांचं कार्ड मंगळवारी पहाटे चार वीसला लागलंय. म्हणजे चोरीच्या आदल्या रात्री. त्यानंतर संध्याकाळी सव्वीस रिळं मोजली आहेत, मग त्यांचा काय संबंध?" ते खाली बघत म्हणाले. "मालक ओरडले नाहीत. उलट पाठीवर हात ठेवला. म्हणाले, साबळे जी, आपके दिन गड़बड़ा रहे हैं. पूर्वी कुणी असं बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी ऐकून घेतलं."

"फाटकावर कॅमेरा आहे ना?"

"दोन महिने झाले बंद पडून."

मी जरा विचार केला. चोर खोटं बोलतो ते सुटण्यासाठी, आणि विसरणाऱ्या माणसाचं एक इकडे जातं, एक तिकडे. शिवाजीरावांच्या दोन गोष्टी कॉम्प्युटरशी जुळत नव्हत्या, आणि दोन्ही एका दिवसानेच, एकाच बाजूला सरकलेल्या. ते म्हणत बुधवार तर कॉम्प्युटर म्हणे मंगळवार. ते म्हणत गुरुवार तर कॉम्प्युटर म्हणे बुधवार. माणूस इतका नेमका कधी विसरत नाही.

हे मी त्यांना सांगितलं. वाटलं, चेहरा उजळेल. त्यांनी फक्त कपबशी उचलून मोरीत ठेवली.

"साहेब, कॉम्प्युटर एक वेळ चुकेल. पण मालकांनी माझं रजिस्टर उघडून दाखवलं. बुधवारचं पान, चार चाळीस, स्टोअर तपासलं. माझंच अक्षर आहे ते."

३

सोमवारी सकाळी दहाला मी बिजौलीला पोचलो. कैलाश पुरवार माणूस वाईट नाही. मोटारींचं वाइंडिंग करता करता वाढलेला, अजून स्वतः तार हातात घेऊन बघणारा. त्यांनी मला चहा दिला आणि न मागता प्रोग्रामचा कागद समोर ठेवला. दिवसभराच्या कामाच्या नोंदी वगळून त्यावर चारच ओळी होत्या.

मंगळवार, पहाटे चार वीस, तुषार. मंगळवार, संध्याकाळी सात, कुशवाहा. बुधवार, पहाटे चार चाळीस, गार्ड. बुधवार, सकाळी आठ, कुशवाहा.

"मशीन किसी की सगी नहीं होती, लघाटे जी," ते म्हणाले. "और रजिस्टर भी वही बोल रहा है."

मी रजिस्टर मागवलं आणि बुधवारचं पान उघडलं. वर 'बुधवार', खाली पहिली नोंद संध्याकाळी सहाची: ड्यूटी चढली. मग आठ, मग अकरा, मग चार चाळीस, आणि शेवटी सकाळी सहा: ड्यूटी उतरली. माझं रेल्वेचं डोकं लगेच जागं झालं. रात्री बारा वीसच्या गाडीचं तिकीट घेऊन चोवीस तास उशिरा येणारे प्रवासी मी जन्मभर पाहिलेत.

"पुरवार जी, हे पान बुधवारी संध्याकाळी सुरू होतं. मग त्यावरचे पहाटेचे चार चाळीस म्हणजे गुरुवार झाला," मी हिंदीत म्हटलं. "शिवाजीराव ड्यूटी चढल्याचा वार लिहितात, उतरेपर्यंत तेच पान चालतं. फौजी पद्धत आहे त्यांची."

पुरवारजी थोडा वेळ पानाकडे बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

"अच्छा," ते म्हणाले. "तो फिर मशीन में गुरुवार सुबह कुछ क्यों नहीं है?"

मी पान पुन्हा वरपासून वाचायला घेतलं.

"और एक बात. मशीन लगी थी तब आपकी बिटिया ने ही पूरे महीने का रजिस्टर मशीन से मिलाया था. रिपोर्ट दी थी हमको." त्यांनी खणातून ती काढली. स्वरदाची सही होती. चाचणीच्या महिन्यात गार्डने पहाटे कार्ड लावून लिहिलेल्या एकेचाळीस नोंदी तपासल्या, चाळीस जुळल्या. एक जुळली नाही: पहाटे पाच चाळीसची. शेरा होता, रजिस्टरमध्ये गार्डची चूक, पान चुकलं.

"देखिए," पुरवारजी हळू आवाजात म्हणाले, "तब भी एक बार दिन भूले थे."

मी बाहेर आलो. स्टोअरकीपर कुशवाहा दाराशी बिडी पीत होता. मंगळवारची मोजणी संध्याकाळी सातपर्यंत का लांबली, असं मी विचारलं.

"काए से कि माल उतर रओ हतो, बाबूजी. छोटे भैया कानपुर से गाड़ी लै कें दुपहर में आए. सोमवार भोर के गए हते. फिर हमने खुद गिनी, पूरी छब्बीस."

"म्हणजे सोमवारची रात्र ते कानपूरला होते?"

"हओ. हमाए सामने तो निकरे हते."

तेवढ्यात छोटे साहेब स्वतःच समोरून आले. तिशीचा, नीटनेटका मुलगा. वाकून नमस्कार केला.

"अंकल जी, आप मेरा भी पूछ लीजिए," तो हसत म्हणाला. "मंगलवार सुबह चार बीस. एक फ़ाइल लेने आया था. लॉग में है."

कानपूरला झोपलेला माणूस त्याच पहाटे बिजौलीत फाइल न्यायला आला होता, आणि वर लॉगकडे, म्हणजे कुलपाच्या नोंदींकडे, बोट दाखवत होता. मी नमस्कार करून फाटकाकडे निघालो. बोलून उपयोग नव्हता. कुशवाहाच्या तोंडच्या शब्दाविरुद्ध लॉग होता आणि लॉग तपासलेला होता. रिक्षात बसल्यावर मला नीट कळलं की मी कुठल्या कोंडीत सापडलोय. आता शिवाजीराव तरी चुकीचे होते, नाहीतर माझी मुलगी.

४

स्वरदा घरूनच काम करते. मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र अर्धी हिंदी. मी पंख्याखाली तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं.

"बाबा, हे होऊच नाही सकत," ती म्हणाली. "मी हास्केलमध्ये लिहिलंय. ही भाषा फार कडक आहे. इसमें वेळ वेगळी चीज़ आहे आणि तारीख वेगळी. तुम्ही चुकून एकात दुसरी मिसळली तर प्रोग्राम बनतच नाही. लोक तर म्हणतात की इसमें जो चल गया वो सही है."

"वेळ वेगळी म्हणजे?"

"म्हणजे नुसते तास, मिनिट, सेकंद. चार वीस. कुठल्या दिवसाचे चार वीस ते त्यात नसतंच. दिवस अलग से द्यायचा." तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि मी फक्त भरोसा नाही ठेवला. चेक केलं ना. कुशवाहाजींनी व्हॉट्सॲपवर रजिस्टरचे फोटो पाठवले, मी पूरा महीना मिलवून पाहिला. एकेचाळीसमधून चाळीस मॅच."

"त्या फोटोतल्या पानावर वार कोणता असायचा?"

"वर लिहिलेला होता तोच."

"ते पान संध्याकाळी सहाला सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपतं, हे तुला माहीत होतं?"

तिने फोनवर ते फोटो पुन्हा उघडले. मी पुढे बोलत राहिलो, खरं तर मलाही बोलता बोलताच दिसत होतं.

"बुधवारच्या पानावरची पहाट गुरुवारची असते. म्हणजे तुझा प्रोग्राम बरोबर असता तर पहाटेची एकही नोंद त्या रजिस्टरशी जुळायला नको होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस चुकायला हव्या होत्या. आणि तुझ्या चाळीस जुळल्या."

स्वरदाचा चेहरा उतरला. मुलगी हुशार आहे, तिला पुढचं सांगावं लागलं नाही, तरी मी सांगितलं, कारण मी तसा आहे.

"जुळली नाही ती एकच, पाच चाळीसची. तू लिहिलंस, गार्डची चूक. मला सांग, तुझं ते कुलूप कुठली वेळ पाठवतं?"

"ग्रिनिचची," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मग मी आपली करते."

"आपण ग्रिनिचच्या किती पुढे?"

"साडेपाच तास."

"म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होतात तेव्हा तिकडे रात्रीचे बारा वाजून वार बदलतो. पाच चाळीसला दोन्हीकडे एकच वार असतो. साडेपाचच्या अलीकडे आपला वार एक आणि त्यांचा आदला. तुझा प्रोग्राम साडेपाचनंतर बरोबर आहे आणि आधी एक दिवस मागे आहे."

तिने प्रोग्राम उघडला. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिने बोट ठेवलं ती ओळ मी पाहिली. ग्रिनिचची वेळ आपल्या वेळेत बदलणारं जे फंक्शन आहे, ते एक नाही तर दोन गोष्टी जोडीने परत देतं, असं तिने समजावलं. पहिली, वार किती पुढे गेला: शून्य किंवा एक. दुसरी, आपली वेळ. तिला वेळ हवी होती. पहिल्या गोष्टीच्या जागी तिने एक आडवी रेघ टाकली होती. त्या भाषेत त्या रेघेचा अर्थ, हे मला नको.

"भाषेनं मला दिवस दिला होता, बाबा," ती म्हणाली. "हातात दिला होता. मीच फेकला. आणि मी स्वतः सांगितलं की नको, तर तिने पण काही विचारलं नाही. वाटलं होतं, रजिस्टरशी मॅच होईल तर बस."

तिचे डोळे भरून आले होते. खरं तर मला तिला चार शब्द सुनावायचे होते. सुनावले नाहीत. चुकीच्या प्रोग्रामला चुकीच्या पद्धतीने वाचलेल्या रजिस्टरने पास केलं होतं, आणि या सगळ्यात खरं बोलणारा एकच माणूस होता, त्याला आम्ही वेड्यात काढलं होतं.

तिने ती रेघ पुसली, दिवस मिळवला आणि नवा कागद छापला. मंगळवारी पहाटे आता काहीच नव्हतं. तुषारचं कार्ड बुधवारी पहाटे चार वीसला लागलं होतं, मोजणीनंतर आणि चोरी कळण्याआधी. गार्डचं कार्ड गुरुवारी, चार चाळीसला. शिवाजीरावांनी सांगितलं होतं अगदी तसं.

घड्याळात तीन वाजून दहा झाले होते. सहीची मुदत संध्याकाळपर्यंत होती. आम्ही स्कूटर काढली.

५

पुरवारजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. स्वरदाने सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. मी कानपूरची गोष्ट सांगितली. त्यांची नजर 'तुषार' या अक्षरांवर जाऊन थांबली आणि तिथून हललीच नाही.

शेवटी त्यांनी घंटी वाजवून छोट्या साहेबांना बोलवायला माणूस पाठवला. माणूस एकटाच परत आला. छोटे भैया अर्धा घंटा पहले निकल गए, फोन बंद है.

पुरवारजींनी चष्मा काढून रुमालाने पुसला. पुन्हा घातला.

"रीलें मिल गईं," ते म्हणाले.

"कब?" मी विचारलं.

"अभी. गिनती में ग़लती थी. चोरी हुई ही नहीं."

मला एक क्षण काही समजेचना, आणि मग सगळंच समजलं. ज्याचा माल, तोच म्हणतो चोरी झाली नाही. मग चोर नाही. चोर नाही तर लॉग कोण बघणार? पोलिसांकडे जाऊन मी काय सांगणार, की यांच्याकडची न गेलेली वस्तू यांच्याच मुलाने नेली?

"ठीक आहे," मी म्हणालो. राग गिळला, कारण मला एकच गोष्ट हवी होती. "मग शिवाजीरावांचा तो सहीचा कागद रद्द करा. आता त्याची गरज नाही."

"वो तो दे गए."

"कधी?"

"दो बजे. खुद आए थे. हमने कहा भी कि शाम तक का समय है." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "एजेंसी को भी भेज दिया."

"मग एजन्सीला कळवा की लॉग चुकीचा होता," स्वरदा म्हणाली. "अंकल, दोन लाइनी लिहा. मीच टाइप करून देते. चूक माझी आहे, माझं नाव टाका."

"बिटिया, ये लिखूँगा कि लॉग ग़लत था, तो वो पूछेंगे सही क्या है."

मशीनचा आवाज येत होता. पुरवारजींनी नवा कागद चार घड्या करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "एक ही लड़का है, लघाटे जी." हे बोलताना ते इतके म्हातारे दिसले की मला त्यांच्यावर ओरडताही येईना, आणि ओरडता येत नाही याचाच जास्त राग आला.

स्वरदाने घरी येऊन स्वतःच एजन्सीला सविस्तर पत्र लिहिलं, दोन्ही कागद जोडले, चूक कुठे झाली ते खुणा करून दाखवलं. मंगळवारी दुपारी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, संबंधित कर्मचाऱ्याने वैद्यकीय कारणास्तव स्वेच्छेने काम सोडल्याची नोंद असल्याने फाइल बंद करण्यात आली आहे.

६

त्याच मंगळवारी संध्याकाळी आम्ही सिपरी बाजारात गेलो. खोलीत दोन ट्रंका बांधून झाल्या होत्या. सरला डबे रिकामे करत होती. सकाळच्या बसने ती त्यांना मोठला नेणार होती.

स्वरदा शिवाजीरावांसमोर जमिनीवरच बसली. तिने तिच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं: कुलूप, ग्रिनिच, जोडी, रेघ. माफी मागितली. तिचा आवाज फुटला तेव्हा त्यांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको पोरी. मशीनचं काम म्हणजे असं होणारच."

"काका, मशीनचं नाही. माझं झालं. तुमचं काहीच नव्हतं चुकलं."

मी नव्या कागदाची दुसरी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन दोनदा वाचली. बोटाने ओळी धरून.

"म्हणजे छोटे साहेब बुधवारी."

"हो."

"आणि मी गुरुवारी."

"तुम्ही पहिल्यापासून सांगत होता तेच," मी म्हणालो. "तुमच्या डोक्यात काडीचाही घोळ नाही, शिवाजीराव. घोळ आमच्या बाजूला होता. हे मी कुणालाही सांगायला तयार आहे, लेखी देतो."

"सही कशाला केलीत पण, बाबा?" सरला एकदम म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर."

"रविवारी रात्रभर बसून आठवून पाहिलं," ते म्हणाले. "खिडकी आठवली, पत्रा आठवला. पण त्या रात्री कोणता वार होता ते आठवायला गेलो की तो बुधवारच यायला लागला. एवढी माणसं बुधवार म्हणत होती. सोमवारी सकाळी वाटलं, हे खरं असेल तर आपण फाटकावर उभं राहणं बरं नाही. कुणाचं तरी नुकसान व्हायचं."

मला काहीतरी बोलायचं होतं. चौतीस वर्षं मी बिघडलेल्या गाड्या मार्गाला लावल्या आहेत, आणि इथे समोर बसलेल्या एका धडधाकट माणसाला तो धडधाकट आहे एवढंही मला पटवून देता येत नव्हतं. कागद बरोबर होता, तर्क बरोबर होता, तो ऐकतही होता.

"आता तरी पटलं ना?" मी विचारलं.

"पटलं की साहेब. तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार."

त्यांनी कागदाची घडी घातली, ट्रंकेत ठेवायला वाकले आणि मधेच थांबले.

"आज मंगळवार ना?"

"मंगळवार," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून सरलाकडे पाहिलं. हातात डबा धरून ती तशीच उभी राहिली होती. तिने हो म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं.